दुसरी पंगत

जागा थोडी आणि माणसें फार, अशी अडचण उत्पन्न झाली म्हणजे ती निवारण्याचे मार्ग दोनच असतात. एक, जागा वाढविणें. दुसरा, तीच जागा अधिक वेळ वापरणें. गिरणीमालकास हा दुसरा मार्ग फार पूर्वीं सांपडला. यंत्र रात्रीं स्वस्थ उभें राहिलें तर भांडवल पडून राहतें, म्हणून त्यानें पाळ्या सुरू केल्या. शाळाचालकांसही तोच मार्ग सुचावा यांत नवल नाहीं. चोवीस तासांपैकीं पांच-सहा तास गजबजलेली आणि उरलेले तास कुलूपबंद असलेली इमारत हिशेबी मनुष्याच्या डोळ्यांत सलतेच. मुलांची संख्या वाढत आहे, नव्या इमारतीस पैसा नाहीं, शहरांत जमीन तर मुळींच नाहीं. अशा वेळीं शाळेचा दिवस दोन्ही टोकांनीं ताणावा, पहिली घंटा उजाडतां उजाडतां व शेवटची दिवेलागणीस द्यावी, म्हणजे त्याच भिंतींत दीडपट-दुप्पट मुलें सामावतील, हा विचार सहज पुढें येतो. या विचारांत कांहीं अन्याय आहे काय, आणि असल्यास तो नेमका कोठें आहे, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथमदर्शनीं हा प्रश्न नीतिशास्त्राचा नसून व्यवस्थेचा आहे असें कोणीही म्हणेल. घंटा सातला द्यावी कीं अकराला, यांत पाप-पुण्य तें काय? परंतु ज्या वस्तूची टंचाई आहे ती कोणाच्या तरी वांट्यास कमी यावयाचीच; ती कोणाच्या वांट्यास कमी यावी हें ठरविणें म्हणजे न्याय करणें होय. मग ठरविणारा न्यायासनावर बसलेला असो, कीं वेळापत्रक आखीत बसलेला मुख्याध्यापक असो.

लांबविलेल्या दिवसाच्या बाजूनें जें म्हणतां येईल तें आधीं पुऱ्या जोरानें मांडिलें पाहिजे. ज्यांच्या मुलांस शाळेंत जागा मिळाली आहे असे पालक या योजनेविरुद्ध बहुधा मोठ्यानें बोलतात. मुलास पहांटे उठवावें लागतें, जेवणाची वेळ चुकते, नोकरीवर जाणाऱ्या आईची ओढाताण होते, या त्यांच्या तक्रारी खऱ्या आहेत. पण त्यांच्या तक्रारी ऐकूं येतात याचें एक कारण हें कीं, तीं माणसें दाराच्या आंत आहेत. ज्या मुलास प्रवेशच मिळाला नाहीं त्याचा बाप पालकसभेस येत नाहीं. गैरसोय आणि वंचना यांस एका तराजूंत घालतां येत नाहीं. ओसरीवर पंचवीस पानें मांडतां येतात आणि पन्नास पाहुणे दारीं आले आहेत, तर शहाणा यजमान दोन पंगती उठवितो. दुसरी पंगत बरी दिसत नाहीं म्हणून पंचवीस जणांस उपाशी लावून देत नाहीं. म्हणून ज्यांस शाळेची दुसरी पाळी हाच मुळीं अन्याय वाटतो, त्यांच्याशीं आमचें जमत नाहीं. दाराबाहेरचें मूल आंत आलें पाहिजे, हें या विवेचनाचें पहिलें कलम आहे.

परंतु पंगतीच्या या दृष्टांतांतच कांहीं अटी दडलेल्या आहेत. दुसऱ्या पंगतीस तेंच अन्न मिळालें पाहिजे. दुसऱ्या पंगतीस नेहमीं तींच माणसें बसतां कामा नयेत. आणि यजमानानें ओसरीची ही अडचण आपली शोभा म्हणून मिरवितां कामा नये. आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या पंगतीस कोण बसत आलें, आणि त्यांच्या पानांत काय उरत आलें, हें वाचकांस सांगावयास नकोच. घरांतील बायकांची ती पंगत हीही एक व्यवस्थाच होती, आणि तीही सोयीच्याच नांवाखालीं चालली होती.

आतां पहिली अट पाहूं. शाळेचा दिवस लांबविणें या एका नांवाखालीं दोन अगदीं भिन्न गोष्टी वावरतात, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळें बराच वाद व्यर्थ होतो. थोडें गणित करून पाहावें. एका शाळेंत २० खोल्या व ३० तुकड्या आहेत असें समजूं. दर तुकडीस रोज ८ तासिका द्यावयाच्या, म्हणजे २४० तासिकांपुरती जागा हवी. आठ तासिकांच्या दिवसांत २० खोल्यांतून १६० तासिकांचीच जागा मिळते. कागदावर उत्तर सोपें आहे: दिवस १२ तासिकांचा करावा, बारा विसें दोनशें चाळीस. पण निम्म्या तुकड्या पहिल्या तासिकेपासून आठवीपर्यंत व निम्म्या पांचवीपासून बारावीपर्यंत बसविल्या, तर मधल्या चार तासिकांत तीसही तुकड्या एकदम हजर असतात आणि खोल्या वीसच असतात. उलट सकाळीं व संध्याकाळीं पांच खोल्या रिकाम्या राहतात. मग मधल्या वेळीं दहा तुकड्यांनीं जावें कोठें?

या प्रश्नास दोन उत्तरें आहेत. पहिलें असें कीं, त्यांनीं मैदानावर, प्रयोगशाळेंत, कर्मशाळेंत किंवा वाचनालयांत जावें, आणि आळीपाळीनें खोल्यांत यावें. दुसरें असें कीं, दर तुकडीचा दिवसच आठ तासिकांवरून सहा तासिकांवर आणावा. म्हणजे पहिला गट घरीं गेल्यावर दुसरा येईल व कोणी कोणाच्या वाटेंत येणार नाहीं. पहिल्या उत्तरांत मुलाचा दिवस कायम राहतो, पण शाळेस खोल्यांखेरीज दुसऱ्या जागा लागतात. दुसऱ्या उत्तरांत कोणतीच नवी जागा लागत नाहीं; जें लागतें तें मुलाच्या दिवसांतून कापून घेतलेलें असतें. शाळेचा दिवस लांबला असें दोन्हीकडे म्हटलें जातें. वस्तुतः दुसऱ्या प्रकारांत इमारतीचा दिवस लांबतो आणि मुलाचा आंखुडतो.

हा कापलेला भाग लहान नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहावी ते आठवीच्या मुलांस वर्षांतून निदान २२० दिवस व १००० तास शिक्षण मिळालें पाहिजे असें ठरविलें आहे. चाळीस मिनिटांच्या सहा तासिका म्हणजे चार तास. २२० दिवसांत होतात ८८० तास. म्हणजे वरच्या उदाहरणांतील दुबार शाळा कायद्याच्या किमान मापासही १२० तासांनीं उणी पडते. पहिल्या पंगतीस वरणभात-पोळी आणि दुसरीस नुसता वरणभात, असा हा प्रकार नव्हे. येथें दोन्ही पंगतींचें अन्न कमी करून पानांची संख्या वाढविली आहे.

पहिल्या उत्तराचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग अमेरिकेंत इंडियाना संस्थानांतील गॅरी या गांवीं झाला. १९०६ सालीं एका बड्या पोलाद कंपनीनें मिशिगन सरोवराच्या कांठीं आपल्या कारखान्यासाठीं हें गांव वसविलें. युरोपांतून आलेल्या मजुरांचीं मुलें तेथें झपाट्यानें जमूं लागलीं. १९०७ पासून तेथील शाळांचे अधीक्षक असलेले विल्यम वर्ट यांनीं मुलांचे दोन जथे केले. एक जथा वर्गांत लिहीत-वाचीत असतां दुसरा मैदानावर, कर्मशाळेंत, पोहण्याच्या तलावांत किंवा सभागृहांत असे. मग त्यांची अदलाबदल होई. शाळेचा दिवस सुमारें आठ तासांचा झाला, इमारतींत जवळजवळ दुप्पट मुलें मावूं लागलीं, आणि कोणाही मुलाचा दिवस कापला गेला नाहीं. जॉन ड्यूई व त्यांची कन्या एव्हलिन यांनीं १९१५ सालीं आपल्या ग्रंथांत या शाळांचें वर्णन केलें, आणि गॅरीचें नांव देशोदेशीं गेलें. पुढें १९१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत तेथील मुलांच्या लेखन-वाचन-गणितांतील प्रगतीविषयीं निकाल प्रतिकूल पडला, हेंही सांगणें प्रामाणिकपणाचें होईल. तरीही टंचाईच्या पोटीं जन्मलेल्या योजनेंतून मुलांस कांहीं अधिक मिळालें, असें हें एक विरळ उदाहरण आहे.

हीच योजना न्यूयॉर्क शहरांत नेण्यांत आली तेव्हां मात्र निराळाच प्रकार झाला. तेथील शाळांत इतकी दाटी होती कीं, पुष्कळ मुलांस अर्धवेळच शाळा मिळे. महापौर जॉन मिचेल यांनीं १९१४ नंतर कांहीं शाळांत गॅरीची पद्धति सुरू केली, आणि नव्या इमारतींचा खर्च वांचेल ही तिची मोठी शिफारस होती. ज्या वस्त्यांत ती आली त्या मुख्यतः गरीब स्थलांतरितांच्या होत्या. आपल्या मुलांस पुस्तकांपासून दूर करून कारखान्याचे मजूर बनविण्याचा हा डाव आहे, असें त्या आईबापांस वाटलें. १९१७ च्या ऑक्टोबरांत हजारों मुलें शाळा सोडून रस्त्यांवर आलीं, खिडक्यांच्या कांचा फुटल्या. नोव्हेंबरांतील निवडणुकींत मिचेल यांचा पराभव झाला आणि योजना गुंडाळली गेली. विरोधकांच्या प्रचारानें आगींत तेल ओतलें हें खरें. पण नुसत्या तेलानें आग लागत नाहीं. गॅरीमध्यें तलाव, मैदान व कर्मशाळा असलेल्या शाळा या पद्धतीसाठींच बांधल्या होत्या. न्यूयॉर्कमध्यें तीच पद्धति बऱ्याच अंशीं जुन्या इमारतींत बसवावयाची होती, आणि वांचलेल्या पैशाची गोष्ट मुलाच्या लाभाच्या गोष्टीपेक्षां मोठ्यानें ऐकूं येत होती. त्या आईबापांचा संशय अतिशयोक्त असेल. त्यांचा प्रश्न मात्र अगदीं बरोबर होता. ही काटकसर कोणाच्या मुलांवर?

येथें आम्ही दुसऱ्या अटीस येऊन पोंचलों. तिच्यासाठीं परदेशीं जाण्याचें कारण नाहीं. १९५३ सालीं मद्रास राज्यांत राजगोपालाचारी यांच्या सरकारनें ग्रामीण प्राथमिक शाळांचा दिवस पांच तासांवरून तीन तासांवर आणिला आणि मुलांचे दोन गट केले. एक गट सकाळीं शिके व दुसरा दुपारीं. उरलेल्या वेळांत मुलानें आईबापांजवळ त्यांचा धंदा शिकावा, अशी कल्पना होती. त्याच इमारतींत व त्याच शिक्षकांकडून दुप्पट मुलें शिकतील, हा हिशेब तिच्या मुळाशीं होता. राजाजींच्या विद्वत्तेविषयीं किंवा सचोटीविषयीं शंका घेण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं. श्रमास प्रतिष्ठा यावी ही त्यांची तळमळही खोटी नसावी. परंतु आईबापांचा धंदा म्हणजे आपल्या देशांत जातीचा धंदा, हें ज्यांच्या पाठीवर त्या धंद्याचें ओझें होतें त्यांनीं तत्काळ ओळखलें. शिवाय योजना खेड्यांपुरती होती. नगरांत राहणाऱ्या वकील-कारकुनांच्या मुलांनीं अर्धा दिवस बापाजवळ खर्डेघाशी शिकावी, असें कोणी सुचविलें नव्हतें. विरोध वाढत गेला, १९५४ सालीं राजाजी पायउतार झाले, आणि त्यांच्या जागीं आलेल्या कामराजांनीं योजना रद्द केली. पंगती ठरविणारे पहिल्या पंगतींत बसलेले असले म्हणजे हें असें होतें. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्यास औदार्य लागत नाहीं.

आपल्याकडील मोठ्या शहरांत सकाळ-दुपारचीं सत्रें पुष्कळ दिवसांपासून अंगवळणीं पडलीं आहेत, आणि अंगवळणीं पडलेल्या गोष्टीचा विचार करण्याची संवय सुटते. २०२४ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्र शासनानें एक आदेश काढिला तेव्हां हा विसरलेला प्रश्न पुन्हां डोळ्यांपुढें आला. लहान मुलांची झोप पुरी होत नाहीं, म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळीं नऊच्या आधीं भरवूं नयेत, असा तो आदेश होता. त्यामागील हेतूविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. परंतु दोन सत्रांच्या शाळेंत एका गटाची घंटा पुढें सरकविली कीं दुसऱ्या गटाची कोठें तरी सरकते. लहान मुलें नऊ वाजतां आलीं तर त्याच खोल्यांत बसणाऱ्या मोठ्या मुलांनीं केव्हां यावें? आणि मोठीं मुलें पहांटे उठूं शकतात असें आपण कशावरून धरून चालतों? किशोरवयांत झोप येण्याची वेळच निसर्गतः पुढें सरकते. सकाळीं न उठणारें पंधरा वर्षांचें मूल नेहमींच आळशी असतें असें नाहीं. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या मुख्य संस्थेनें २०१४ सालीं, मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधीं भरूं नयेत असें मत दिलें. कॅलिफोर्नियानें २०१९ सालीं तसा कायदा केला आणि २०२२ पासून तो अमलांत आणिला. पांघरूण तोकडें असलें म्हणजे डोकें झांकावें तों पाय उघडे पडतात. आदेशानें पांघरूण सरकवितां येतें; लांब करितां येत नाहीं.

शिवाय तासांच्या हिशेबांत न बसणाऱ्या कांहीं गोष्टी आहेत. दोन सत्रांच्या शाळेंत कोणताही बांक कोणाचाच नसतो. मुलांनीं काढलेला नकाशा भिंतीवर राहत नाहीं, कुंडींत लावलेलें रोप खिडकींत राहत नाहीं, अर्धवट राहिलेलें गणित फळ्यावर उद्यांपर्यंत टिकत नाहीं. बारा वाजतां सर्व पुसून दुसऱ्यांस जागा करून द्यावी लागते. शाळा सुटल्यावर रेंगाळणें, शिक्षकांशीं दोन शब्द बोलणें, मैदानावर पडून राहणें, यांस तेथें वावच नाहीं. कारण दाराशीं दुसरी शाळा उभी असते. आम्ही महाविद्यालयांत शिकवितों. आमच्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांस शाळेंतील कोणती आठवण राहिली असें विचारलें, तर वेळापत्रकांतील तासिकेची आठवण क्वचितच निघते. निघते ती या रेंगाळण्याची.

ज्या घरांत मुलास स्वतंत्र खोली आहे, पुस्तकें आहेत, विचारपूस करणारें माणूस आहे, तेथें शाळेनें कापलेले दोन तास घर भरून काढितें. नाहीं तर शिकवणीवर्ग भरून काढितात. ज्या घरांत दहा बाय दहाच्या खोलींत सहा माणसें राहतात, तेथें ते तास कोण भरून काढणार? त्यांस दुसरें गिऱ्हाईक असतें. २०१६ च्या बालकामगारविषयक दुरुस्तीनें शाळेच्या वेळानंतर व सुटीच्या दिवसांत मुलांस घरच्या उद्योगांत मदत करण्याची मुभा ठेविली आहे. शाळेचा वेळ जितका आंखूड, तितका ‘शाळेनंतरचा वेळ’ लांब! मद्रासेंत जें उघडपणें योजनेंत लिहिलें होतें, तेंच येथें कोणी न लिहितां घडूं शकतें. आणि शेवटची घंटा अंधार पडतां पडतां होत असेल, तर कांहीं घरांतून मुलीचें नांव आधीं काढलें जातें. एकच वेळापत्रक सर्वांस सारखें लागूं असूनही त्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाहीं, तो असा.

येथें एक आक्षेप संभवतो. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं १८५५ सालीं पुण्यांत श्रमकऱ्यांसाठीं रात्रीची शाळा काढिली. गिरणगांवांतील रात्रशाळांनीं किती कामकऱ्यांस साक्षर केलें. मग अवेळींची शाळा वाईट कशी? आमचें उत्तर असें कीं, त्या शाळा अवेळीं भरत नव्हत्याच. दिवसभर राबणाऱ्या माणसास जी वेळ मोकळी होती, ती पाहून त्या भरत होत्या. तेथें शाळा विद्यार्थ्याच्या वेळेपुढें वांकली. आपण ज्या सत्रांविषयीं बोलत आहों तेथें विद्यार्थी इमारतीच्या वेळेपुढें वांकतो. घड्याळांतील कांटा दोन्हीकडे एकाच आंकड्यावर असेल. वांकणारा कोण, हें पाहिलें पाहिजे.

मग करावें काय? दाराबाहेरचें मूल तर आंत आलेंच पाहिजे, हें आम्हीं आरंभींच मान्य केलें आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, दोन सत्रांनीं इमारतीचा जो पैसा वांचतो त्यास बचत म्हणूं नये. तें मुलांकडून काढिलेलें कर्ज आहे असें समजावें. बचत पोटांत घालून स्वस्थ बसतां येतें. कर्जाची मुदत असते, व्याज असतें आणि परतफेड असते. मुदत म्हणजे दुसरें सत्र कोणत्या वर्षीं बंद होईल तें पहिल्याच दिवशीं जाहीर करणें. सिंगापूरमध्यें कित्येक वर्षें दोन सत्रांच्या शाळा होत्या. परंतु २००९ सालीं तेथील सरकारनें सर्व प्राथमिक शाळा एका सत्राच्या करण्याचें ठरविलें आणि त्यासाठीं २०१६ ही मुदत घालून घेतली. व्याज म्हणजे तोंपर्यंत मुलास त्या तासांचा मोबदला देणें: जवळचें मैदान, वाचनालय, रिकामें सभागृह त्यास उघडून देणें, आणि दोन सत्रांमध्यें पिळून निघणाऱ्या शिक्षकांची संख्या वाढविणें. आणि परतफेड म्हणजे इमारत. तिला दुसरा पर्याय नाहीं. तोंपर्यंत सकाळ-दुपारच्या पाळ्या वर्षावर्षानें बदलाव्या, म्हणजे निदान तींच मुलें सदा दुसऱ्या पंगतीस बसणार नाहींत.

यावर, एवढा पैसा आणावा कोठून, असें शाळाचालक विचारतील, आणि त्यांचा प्रश्न खोटा नाहीं. अनुदानाची वाट पाहणारा मुख्याध्यापक इमारत बांधूं शकत नाहीं. तो वेळापत्रकच बदलूं शकतो. म्हणून आमचें बोलणें मुख्यतः त्याला उद्देशून नाहींच. तें आम्हां सुशिक्षितांस उद्देशून आहे. ज्या नगरांत नव्या नाट्यगृहासाठीं, रुंद रस्त्यासाठीं, वाहनतळासाठीं जमीन निघते, त्याच नगरांत शाळेसाठीं ती निघत नाहीं तेव्हां आपण फारशी ओरड करीत नाहीं. कारण आपलीं मुलें बहुधा एका सत्राच्या शाळेंत असतात. नगरपालिकेच्या अंदाजपत्रकावर चर्चा चालली असतां, दुपारीं साडेबाराला शाळेच्या फाटकाशीं एक गट बाहेर पडण्यासाठीं व दुसरा आंत शिरण्यासाठीं उभा असतो. त्या दोहोंपैकीं कोणासही आपण किती तास दिले आणि कोणास दिले, हें ठाऊक नसतें. तो हिशेब ठेवणें हें आपलें काम आहे.